टर्मिनलवर सी प्रोग्राम कम्पाइल कसा करायचा? लॅपटॉप नसला तरी चालेल!

डिप्लोमा असो, बीसीए असो की इंजिनिअरिंग, सुरुवातीच्या सेमिस्टरमध्ये बहुतेकांची गाठ सी भाषेशी पडतेच. वर्गात शिकवलेलं समजतं, वहीत उतरवूनही होतं. अडचण येते ती सरावाची. अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त. कॉलेज लोणीला, संगमनेरला, कोपरगावला किंवा नगर शहरात, आणि घर अकोले, पाथर्डी नाहीतर जामखेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर. संध्याकाळची एसटी पकडली की लॅब मागे राहते. घरी कॉम्प्युटर नसेल तर सी भाषाही लॅबमध्येच राहते.

मग बरेच जण फोनवर एखादं कम्पायलर ॲप टाकतात. कोड लिहायचा, हिरवं बटण दाबायचं, खाली उत्तर येतं. सुरुवातीला हे ठीक आहे. पण प्रॅक्टिकलच्या दिवशी समोर उबुंटूचं काळं टर्मिनल येतं, त्यात कर्सर लुकलुकत असतो आणि हिरवं बटण कुठेच नसतं. प्रोग्राम तोंडपाठ असूनही हात थांबतो, कारण त्या बटणामागे काय काय घडत होतं ते कधी बघितलेलंच नसतं. या लेखात तेच काम आपण स्वतःच्या हाताने करणार आहोत. त्यासाठी तुमचा रोजचा ॲन्ड्रॉइड फोन पुरेसा आहे.

वाचण्याआधी एक सूचना

या लेखातल्या सगळ्या कमांड आणि कोड आम्ही देवनागरीत, म्हणजे आपण तोंडाने उच्चारतो तसे लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचे. ‘जीसीसी’ म्हणजे जी, सी, सी ही तीन अक्षरं. ‘इंट’ म्हणजे इंटीजर या शब्दाची पहिली तीन अक्षरं. आकडेही इंग्रजीच हवेत. देवनागरी शून्य कम्पायलरला आकडा वाटत नाही. डबल कोटमधला मजकूर मात्र खुशाल मराठीत ठेवा. थोडक्यात, इथला कोड कॉपी-पेस्ट करून चालणार नाही. आमच्या मते ते बरंच आहे. सी भाषा बोटांतून शिरते, क्लिपबोर्डमधून नाही.

कम्पायलर म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलेला प्रोग्राम ही साधी मजकुराची फाइल असते. तिला सोर्स म्हणतात. फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला ती वाचता येत नाही. त्याला फक्त त्याच्या स्वतःच्या मशीन कोडमधल्या सूचना कळतात. कम्पायलर सोर्स वाचतो आणि त्या सूचनांची एक नवी फाइल तयार करतो. ती फाइल म्हणजे बायनरी. ती डिस्कवर स्वतंत्र पडून राहते, कितीही वेळा चालवता येते आणि चालताना तिला कम्पायलरची गरज लागत नाही.

नगरकरांना हे समजायला सोपं आहे. उसाची साखर होते, पण साखरेचा पुन्हा ऊस होत नाही. बायनरी हातात असली तरी तिच्यावरून तुमचा मूळ कोड, त्यातल्या कॉमेंट, व्हेरिएबलची नावं जशीच्या तशी परत मिळत नाहीत. म्हणून जपायचा तो सोर्स. बायनरी केव्हाही पुन्हा करता येते.

आता युनिक्सशी याचा संबंध काय? युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. सी भाषा त्याच प्रयोगशाळेत, रिची यांच्याच हातून जन्मली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला. म्हणजे सी आणि टर्मिनल एकाच घरात वाढलेली भावंडं. लिनक्स हा त्याच वळणावर बनलेला, आणि ॲन्ड्रॉइड लिनक्सच्याच कर्नलवर चालतो. तुमच्या खिशात युनिक्स घराण्यातलं मशीन आहेच, फक्त त्याचं टर्मिनल झाकलेलं आहे.

कम्पायलर दोन माहीत असले की पुरे. जीसीसी हा लिनक्सवर सगळीकडे भेटणारा. क्लँग हा त्यानंतरचा, ॲन्ड्रॉइड स्वतः ज्याने कम्पाइल होतो तो. रोजच्या वापरात दोघांच्या कमांड जवळजवळ सारख्याच. जीसीसीचं मूळ १९८३ मध्ये आहे. त्या वर्षी आपल्याकडे राज्य सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि सहकारी साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिकडे रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला: सर्वांना मुक्तपणे वापरता, वाचता आणि बदलता येईल अशी युनिक्ससारखी सिस्टीम. तिच्यासाठी कम्पायलर लागणारच होता. तो, म्हणजे जीसीसी, १९८७ मध्ये आला. आज तो एक पैसाही न देता तुम्हाला मिळतो, तो त्या निर्णयामुळे.

फोनवर तयारी

टर्मक्स हे ॲप घ्या. ॲन्ड्रॉइड ७ किंवा त्यापुढचा फोन लागतो. एफ-ड्रॉइड या मोफत ॲप-भांडारावरची आवृत्ती घेणं चांगलं. टर्मक्स बनवणारे स्वतः तीच सुचवतात. रूट वगैरे काही करावं लागत नाही.

ॲप उघडलं की काळी स्क्रीन आणि एक डॉलरचं चिन्ह दिसेल. आधी हे दोन:

पीकेजी अपडेट
पीकेजी इन्स्टॉल क्लँग

मध्ये प्रश्न विचारला तर वाय टाइप करून एंटर दाबा. क्लँग आणि त्याच्या सोबतचं सामान जड असतं, तेव्हा हे काम वायफायवर करा किंवा दिवसाचा डेटा पूर्ण शिल्लक असताना. फोनमध्ये एक जीबी तरी जागा मोकळी ठेवा. एकदा इन्स्टॉल झालं की पुढे नेट लागत नाही, रेंज नसलेल्या वाडीवरही कम्पाइल होतं. टर्मक्समध्ये खरा जीसीसी नसतो, पण जीसीसी असं टाइप केलं तरी काम क्लँगकडेच जातं. त्यामुळे लॅबमधली सवय मोडत नाही.

कीबोर्डच्या वर टर्मक्स एक जादा ओळ दाखवतो: ईएससी, टॅब, कंट्रोल, बाण वगैरे. फोनच्या कीबोर्डची ऑटोकरेक्ट आणि पहिलं अक्षर मोठं करण्याची सोय मात्र बंद करून ठेवा. सीमध्ये ‘इंट’चं आय मोठं झालं तर तो वेगळा शब्द होतो आणि कम्पायलर त्याला ओळखत नाही.

आता कामासाठी एक फोल्डर:

एमकेडीआयआर सराव
सीडी सराव

हे फोल्डर टर्मक्सच्या स्वतःच्या होम जागेतच ठेवा. डाउनलोड फोल्डरमध्ये किंवा मेमरी कार्डवर कम्पाइल केलं तर बायनरी तयार होईल, पण चालवताना ‘परमिशन डिनाइड’ म्हणेल. त्या जागेतून प्रोग्राम चालवायला ॲन्ड्रॉइडची मुळातच बंदी आहे. यावर तासन् तास डोकं घालवणारे कमी नाहीत, म्हणून आधीच सांगितलं.

पहिला प्रोग्राम

नॅनो नगर.सी

असं टाइप केलं की नॅनो हा छोटा एडिटर उघडतो. नसेल तर ‘पीकेजी इन्स्टॉल नॅनो’. त्यात हे लिहा:

#इन्क्लूड <एसटीडीआयओ.एच>
#डिफाइन जिल्हा "अहमदनगर"

इंट मेन(व्हॉइड)
{
    प्रिंटएफ("राम राम, %एस!\एन", जिल्हा);
    रिटर्न ०;
}

कंट्रोल-ओ, एंटर: सेव्ह झालं. कंट्रोल-एक्स: बाहेर आलात. आता मुख्य कमांड:

जीसीसी -वॉल नगर.सी -ओ नगर

डावीकडून वाचूया. जीसीसी म्हणजे कम्पायलरला हाक. -वॉल मधला डब्ल्यू कॅपिटल, म्हणजे वॉर्निंगचा, पुढचं ऑल. नेहमीचे सगळे इशारे दाखव, असा अर्थ. नगर.सी ही सोर्स फाइल. -ओ म्हणजे आउटपुटचं नाव पुढे येतंय, आणि ते नाव ‘नगर’. इथे एक जपून राहा: -ओच्या पुढे चुकून नगर.सी हेच नाव दिलं तर लिहिलेला सोर्सच गमवायची वेळ येऊ शकते. -ओ न देताच एंटर दाबलं तर बायनरीचं नाव ‘ए.आउट’ ठेवलं जातं. हे विचित्र नाव ‘असेम्बलर आउटपुट’चं लघुरूप आहे, युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या काळापासून चालत आलेलं.

एंटर दाबल्यावर काहीच दिसलं नाही? छान. युनिक्सच्या जगात गप्प राहणं म्हणजे सगळं ठीक. ‘एलएस’ टाइप करा, नगर.सीच्या शेजारी ‘नगर’ ही नवी फाइल दिसेल. ती चालवायची अशी:

./नगर

आधीचा टिंब आणि तिरपी रेघ महत्त्वाची. टिंब म्हणजे ‘मी आत्ता ज्या फोल्डरमध्ये आहे तो’. नुसतं नाव टाइप केलं तर शेल ते ठरावीक फोल्डरांमध्येच शोधतं, तुमच्या फोल्डरमध्ये नाही, आणि ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणतं. यातला एक मजेशीर सापळा: प्रोग्रामचं नाव ‘टेस्ट’ ठेवू नका. त्या नावाची कमांड शेलमध्ये आधीच आहे. टिंब विसरून नुसतं टेस्ट टाइप केलं तर ती चालते, काहीच दाखवत नाही, आणि तुम्ही आपलाच प्रोग्राम बिघडला समजून बसता.

आता एक प्रयोग करा. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. नगर.सी उघडा, दुसऱ्या ओळीत नाव बदला, सेव्ह करा आणि कम्पाइल न करता थेट ./नगर चालवा. स्क्रीनवर अजून अहमदनगरच! सोर्स बदलला, बायनरी जुनीच आहे. पुन्हा जीसीसीची कमांड द्या, मग चालवा. आता नवं नाव येईल. हिरव्या बटणाच्या ॲपमध्ये हा फरक कधीच कळत नाही, कारण ते दर वेळी दोन्ही कामं एकदम करतं. ‘सर, मी चूक दुरुस्त केली तरी तेच उत्तर येतंय’ असं लॅबमध्ये म्हणायची वेळ आली तर आधी स्वतःला विचारा: कम्पाइल केलं का?

एका कमांडच्या पोटात चार कामं

ती एक ओळ टाइप केल्यावर आत चार टप्पे होतात. पहिला प्रीप्रोसेसर: हॅशने सुरू होणाऱ्या ओळी तो निपटतो. इन्क्लूडच्या जागी ती हेडर फाइल आणून ओततो आणि ‘जिल्हा’ दिसेल तिथे डबल कोटमधलं नाव चिकटवतो. दुसरा टप्पा खरा कम्पायलर; तो सीचं रूपांतर असेम्ब्ली भाषेत करतो. तिसरा असेम्बलर, तो त्याचा मशीन कोड बनवून ऑब्जेक्ट फाइल तयार करतो, जिच्या नावाच्या शेवटी.ओ असतं. चौथा लिंकर, तो ऑब्जेक्ट फाइल्स आणि प्रिंटएफसारखी तयार फंक्शन्स ज्या लायब्ररीत आहेत ती एकमेकांना जोडून चालण्याजोगी फाइल देतो.

हे टप्पे वेगवेगळे बघताही येतात. जीसीसीला -ई दिलं, कॅपिटल, तर पहिल्या टप्प्यानंतर थांबतो; तुमच्या आठ ओळींचा प्रोग्राम शेकडो ओळींचा झालेला दिसेल. कॅपिटल -एस दिलं तर नगर.एस ही असेम्ब्ली फाइल मिळते, आणि छोटं -सी दिलं तर नगर.ओ. फोनवर तयार झालेली नगर.एस आणि लॅबमधल्या कॉम्प्युटरवर तयार झालेली नगर.एस शेजारी ठेवून बघा. सोर्स तोच, पण सूचना पूर्ण वेगळ्या.

टप्पे माहीत असण्याचा खरा फायदा चूक शोधताना होतो. कुठल्या टप्प्यावर गाडी अडली, ते एररच सांगते.

एरर वाचायची कशी?

बहुतेक विद्यार्थी एरर वाचतच नाहीत. लाल अक्षरं दिसली की फोटो काढून ग्रुपवर टाकतात. पण कम्पायलरइतका पत्ता नीट सांगणारा मास्तर दुसरा नाही. मुद्दाम प्रिंटएफच्या ओळीचा शेवटचा सेमीकोलन काढा आणि कम्पाइल करा. क्लँग साधारण असं म्हणतो:

नगर.सी:६:… एरर: एक्स्पेक्टेड ';' आफ्टर एक्स्प्रेशन

आधी फाइलचं नाव, मग ओळ क्रमांक ६, मग त्या ओळीतली जागा, आणि मग तक्रार. सहाव्या ओळीवर जा, सेमीकोलन घाला, झालं. जुन्या जीसीसीवर हीच चूक सातव्या ओळीवर दाखवली जाऊ शकते, कारण सेमीकोलन नाही हे त्याला पुढचा शब्द वाचल्यावर कळतं. म्हणून दाखवलेल्या ओळीत दोष सापडला नाही तर तिच्या वरची ओळ बघा. जागेचा आकडा मात्र मराठी मजकूर असलेल्या ओळीत फार मोठा दिसेल. घाबरू नका; क्लँग तो बाइटमध्ये मोजतो, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं. ‘नगर’ हे तीन अक्षरी नाव ९ बाइटचं होतं.

एकदम वीस एरर आल्या तर? फक्त पहिली वाचा. ती दुरुस्त करा, पुन्हा कम्पाइल करा. एक महिरपी कंस राहिला तरी त्याच्यापुढचं सगळं कम्पायलरला चुकीचं वाटू लागतं. बाकीच्या तक्रारींतल्या निम्म्या पहिलीबरोबरच जातात.

एरर आणि वॉर्निंग यांत फरक आहे. एरर असली की बायनरी तयारच होत नाही. वॉर्निंग असली तरी तयार होते, पण ‘इथे काहीतरी गडबड दिसतेय’ असं कम्पायलर सांगत असतो. वॉर्निंगकडे दुर्लक्ष करून चालवलेला प्रोग्राम कधी बरोबर उत्तर देतो, कधी भलतंच. -वॉल न विसरता द्या आणि वॉर्निंग शून्यावर आणूनच पुढे जा, असा आमचा हट्ट आहे.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं तर बहुधा तुम्ही वेगळ्याच फोल्डरमध्ये आहात किंवा नाव चुकलंय. पीडब्ल्यूडी आणि एलएस या दोन कमांड देऊन बघा. लिनक्समध्ये लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरतात, हेही विसरू नका.

आणि एक आपल्याकडची खास एरर. व्हॉट्सॲपवर किंवा पीडीएफ नोट्समधून कोड उचलला की कधी कधी सरळ डबल कोटच्या जागी वळणदार कोट येतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण कम्पायलरला ते भलतंच चिन्ह वाटतं. जीसीसी तेव्हा ‘स्ट्रे’ असं म्हणून ३४२ सारखे आकडे दाखवतो. क्लँग अनोळखी अक्षर आल्याची तक्रार करतो. उपाय एकच: ते कोट पुसून हाताने टाइप करा. मित्राला कोड पाठवायचाच असेल तर मजकूर म्हणून नको, फाइल म्हणून पाठवा.

टर्बो सीच्या नोट्स फोनवर का चालत नाहीत?

हा भाग जरा सविस्तर, कारण आपल्याकडे अडणारे सर्वांत जास्त इथेच अडतात. ज्या वर्षी जीसीसी आला, त्याच १९८७ मध्ये बोरलँड कंपनीने टर्बो सी आणला. तो डॉसवर चालायचा, निळी स्क्रीन, झटपट कम्पाइल. आपल्याकडच्या कॉलेजांत आणि क्लासेसमध्ये तो आणि त्याचा भाऊ टर्बो सी++ इतका मुरला की जग पुढे गेलं तरी नोट्स तिथेच राहिल्या. सीनियरकडून मिळालेल्या झेरॉक्समध्ये तुम्हाला हमखास दिसेल: कोनिओ.एच, सीएलआरएससीआर, गेटसीएच आणि व्हॉइड मेन.

यातलं कोनिओ.एच हे हेडर सी भाषेच्या प्रमाणात कधीच नव्हतं, ते डॉसच्या कम्पायलरांचं. त्यामुळे लिनक्सवर किंवा फोनवर पहिल्याच टप्प्यात ‘फाइल नॉट फाउंड’ येतं. ती ओळ काढून टाका. सीएलआरएससीआर स्क्रीन पुसायचं, तेही काढा. गेटसीएच शेवटी असायचं ते निळी स्क्रीन लगेच परत येऊ नये म्हणून; टर्मिनलवर उत्तर तसंही दिसत राहतं, तेव्हा त्याची गरजच नाही. व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन करा आणि शेवटी रिटर्न शून्य लिहा. ते शून्य वाया जात नाही: प्रोग्राम संपल्यावर ‘इको $?’ टाइप केलं तर तेच दिसतं. शून्य म्हणजे काम नीट झालं, असा युनिक्सचा संकेत.

हेडर न घेता फंक्शन वापरायची जुनी सवयही आता अंगाशी येते. पूर्वी कम्पायलर वॉर्निंग देऊन सोडून द्यायचे. २०२३ च्या क्लँग १६ पासून आणि २०२४ च्या जीसीसी १४ पासून ती थेट एरर झाली आहे. म्हणजे लॅबच्या जुन्या उबुंटूवर चाललेला प्रोग्राम तुमच्या फोनवर अडू शकतो. फोन बरोबर आहे. वर योग्य हेडर लिहा.

सर्वांत फसवा फरक इंटीजरचा. जुन्या नोट्समध्ये ‘इंट २ बाइटचा’ असं ठाम लिहिलेलं असतं. टर्बो सी १६ बिटचा होता, तिथे ते खरंच होतं. इंट ३२,७६७ च्या पुढे गेला की आकडा उलटा फिरून उणे व्हायचा. तुमच्या फोनवर आणि आजच्या लिनक्सवर इंट ४ बाइटचा आहे, मर्यादा २१४ कोटींच्या पुढे. ‘साइझऑफ(इंट)’ छापून स्वतः बघा. परीक्षेत उत्तर लिहिताना ‘कम्पायलर आणि मशीनवर अवलंबून’ हे शब्द जोडा, ते सगळीकडे खरे आहेत.

लिंकरची तक्रार वेगळी ओळखा

आता दोन फाइल्स करूया. बिल.सीमध्ये फक्त उसाचं बिल काढणारं फंक्शन:

डबल ऊसबिल(डबल टन, डबल दर)
{
    रिटर्न टन * दर;
}

आणि मुख्य.सीमध्ये मेन, जे वजन आणि दर स्कॅनएफने विचारतं आणि ऊसबिल बोलावून उत्तर छापतं. मुख्य.सीला हे फंक्शन कसं दिसतं ते माहीत हवं, म्हणून वर एक ओळ लिहायची: डबल ऊसबिल(डबल, डबल), याला प्रोटोटाइप म्हणतात. कम्पाइल करताना दोन्ही फाइल्स द्या:

जीसीसी -वॉल मुख्य.सी बिल.सी -ओ बिल

मुद्दाम बिल.सी न देता बघा. एरर येईल, पण तिच्यात नेहमीसारखा सोर्सच्या ओळीवर बोट ठेवणारा बाण नसेल. लिनक्सवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू ऊसबिल’ आणि टर्मक्समध्ये ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ असे शब्द असतील. हा आवाज लिंकरचा. सीच्या व्याकरणात चूक नाही. वचन दिलेलं फंक्शन प्रत्यक्षात कुठे सापडलं नाही, एवढंच. मेनच सापडलं नाही असं म्हणत असेल तर बहुधा तुम्ही मेनचं स्पेलिंग चुकवलंय.

गणिताची फंक्शन्स वापरताना हाच अनुभव येतो. मॅथ.एच हेडर घेतलं, तरी स्क्वेअररूटसाठी लिंकर अडतो. हेडर फक्त ओळख करून देतं, फंक्शन लायब्ररीत असतं. कमांडच्या अगदी शेवटी -एलएम जोडा: एल म्हणजे लायब्ररी, एम म्हणजे मॅथ. शेवटीच, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि आधी कुणाला गरज पडली हे बघून मग लायब्ररीतून उचलतो.

सारखी तीच लांब कमांड टाइप करायचा कंटाळा आला तर वरचा बाण दाबा, आधीची कमांड परत येते. आणि ‘पीकेजी इन्स्टॉल मेक’ केलंत तर एका फाइलच्या प्रोग्रामसाठी नुसतं ‘मेक नगर’ पुरतं. नगर.सी बायनरीपेक्षा नवी असेल तरच मेक ती पुन्हा कम्पाइल करतो. मोठ्या प्रकल्पांत मेकफाइल लिहितात, तो वेगळ्या लेखाचा विषय.

कम्पायलर काय पकडत नाही?

दोन दिवसांत डेअरीला २५ लिटर दूध घातलं, सरासरी काढायची आहे. लिटर आणि दिवस दोन्ही इंट घेतले, सरासरी डबल घेतली आणि लिहिलं: सरासरी = लिटर / दिवस. कम्पाइल स्वच्छ, -वॉल देऊनही एक वॉर्निंग नाही. उत्तर १२.०. अर्धा लिटर गेला कुठे? इंट भागिले इंट केलं की सी अपूर्णांक टाकून देतो, आणि मग तो कापलेला आकडा डबलमध्ये भरतो. भाषेच्या नियमाने हे बरोबर आहे, म्हणून कम्पायलर गप्प. भागाकाराआधी एका आकड्याला डबल करा: (डबल)लिटर / दिवस. आता १२.५ येईल. डेअरीवर असा अर्धा लिटर कुणी सोडून देत नाही, तेव्हा प्रोग्राम चालला की एक हिशेब कागदावर करून ताडून बघा.

जाता जाता: सीमधल्या व्हेरिएबलची नावं खरोखर देवनागरीत ठेवता येतात. क्लँगमध्ये हे बऱ्याच वर्षांपासून चालतं, जीसीसीमध्ये २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून. घरी करून बघायला मजा येते. परीक्षेत मात्र नको.

फोनवरून लॅबमध्ये

फोनवर तयार झालेली ‘नगर’ ही बायनरी लॅबच्या कॉम्प्युटरवर नेऊन चालणार नाही. ‘युनेम -एम’ टाइप करा. बहुतेक नव्या फोनवर एआर्च६४ दिसेल, म्हणजे एआरएम जातीचा प्रोसेसर. लॅबमध्ये तीच कमांड बहुधा एक्स८६_६४ सांगेल. दोघांचा मशीन कोड वेगळा, म्हणून ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते. न्यायची ती नगर.सी, आणि तिथे पुन्हा कम्पाइल करायची. सोर्स एकच, प्रत्येक मशीनसाठी बायनरी वेगळी. सी भाषा लोकप्रिय झाली त्याचं हे मोठं कारण.

फाइल टर्मक्समधून बाहेर काढायला एकदा ‘टर्मक्स-सेटअप-स्टोरेज’ ही कमांड द्या आणि परवानगी द्या. मग ‘सीपी नगर.सी ~/स्टोरेज/डाउनलोड्स’ केलं की फाइल डाउनलोडमध्ये येते, तिथून मेल करा किंवा पाठवा. हे अधूनमधून करत राहा. टर्मक्स अनइन्स्टॉल केलं तर त्याच्या होममधलं सगळं पुसलं जातं, अख्ख्या सेमिस्टरचे प्रोग्राम त्यात.

लॅबमध्ये किंवा कुणाच्या लॅपटॉपवर उबुंटू असेल आणि जीसीसी नसेल तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ ही एक कमांड जीसीसी आणि मेक दोन्ही आणते. विंडोज १० किंवा ११ वर ॲडमिन अधिकाराने ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ देऊन आत उबुंटू मिळतो. मॅकवर ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’. तिथेही जीसीसी या नावामागे क्लँगच बसलेला आहे.

मराठीतून बघत शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे सी आणि सी++ चे व्हिडिओ मराठीत मोफत आहेत. त्यातला उबुंटू आता जुना दिसतो, पण टर्मिनल आणि जीसीसीच्या कमांड आजही त्याच. कम्पायलर आतून कसा चालतो याची ओढ लागलीच, तर त्याच संस्थेतले प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगावर वर्षानुवर्षं काम केलं आणि कार्यशाळा घेतल्या, त्यांचं साहित्य शोधा. ते पुढच्या वर्गांसाठी आहे आणि इंग्रजीत आहे. आज रात्री फक्त नगर.सी लिहा, मुद्दाम तीन ठिकाणी मोडा आणि प्रत्येक वेळी कम्पायलर काय म्हणतो ते वाचा.